झेंडूचा हार घातलेला पाना

आमच्या व्यापारी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "काका, टायरच्या धंद्यातल्या गमती लिहा. गिऱ्हाइकं, त्यांचे हट्ट, असं काहीतरी हलकंफुलकं." मी हो म्हटलं. गमती पुष्कळ आहेत आणि एक-दोन सांगणारही आहे. पण हा अंक वाचणार कोण? कल्याण, शहाड, उल्हासनगर, डोंबिवलीतले आमच्याच धंद्यातले लोक आणि आमची गिऱ्हाइकं. काही वर्षांपूर्वी याच लोकांना मी एक खोटी गोष्ट सांगितली होती. ती मागे घ्यायला याहून योग्य जागा मला मिळणार नाही. संपादकांनी राग मानू नये.

आमचं दुकान शहाडच्या पुलापासून जवळ, मुरबाडच्या रस्त्याला. आता मुलगा निखिल बघतो. टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळंच करायचो, पण नाव झालं ते लहान गाड्यांना अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चकचकीत चाकं बसवण्यात. माणूस हप्ते काढून लहान गाडी घेतो. सहा महिने ती पुसण्यात जातात. मग कंपनीची काळी लोखंडी चाकं आणि त्यांच्यावरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या त्याला खुपायला लागतात. शेजाऱ्याकडे मोठी गाडी आलेली असते. आपली गाडी काही बदलता येत नाही, चाकं मात्र बदलता येतात. असा माणूस आमच्याकडे यायचा.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टायरच्या अंगावर १६५/८० आर १४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा सांगतो की रबराची उभी भिंत रुंदीच्या शेकडा किती आहे. शेवटचा आकडा रिमचा, म्हणजे आतल्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचांत. रिम मोठी घेतली की रबराची भिंत तेवढी उतरवायची, म्हणजे चाकाची एकूण उंची जिथल्या तिथे राहते. वरचाच टायर पंधराच्या रिमवर न्यायचा असेल तर १८५/६५ घ्यायचा. उंची जवळजवळ तीच राहते, गाडी भरलेली दिसते, गिऱ्हाईक खूश. हा हिशेब सोडून नुसतं रुंद आणि उंच करत गेलं की स्पीडचा काटा खोटं बोलतो, गाडी चढाला दमते आणि वळताना टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो. एका गृहस्थांनी आमचं न ऐकता दुसरीकडून असे टायर बसवून घेतले आणि आठवड्याने आमच्याकडे येऊन म्हणाले, "अहो, गाडी डावीकडे वळताना खोकते."

एक लग्नाळू मुलगा आठवतो. मुलीचे वडील गाडी बघणार म्हणून त्याने झकपक अलॉय बसवून घेतली. मुलीचे वडील एसटीत चालक होते. त्यांनी चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट डिकी उघडायला लावली आणि म्हणाले, "स्टेपनी जुनीच का रे? चार पायांत बूट आणि पाचव्यात चप्पल?" मुलगा दुसऱ्या दिवशी पाचवं चाक घ्यायला आला. लग्न झालं. मला पेढे मिळाले.

आता विलासबद्दल.

विलास गायकवाड हा आमचा मुख्य फिटर. वडील मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात होते, घर आंबिवलीला. माझ्याकडे आला तेव्हा नुकतं लग्न झालेलं होतं, आणि गेला तेव्हा दोन मुलांचा बाप होता. अलॉयच्या कामात दुकानाचं जे नाव झालं ते माझ्या बोलण्यावर आणि त्याच्या हातावर झालं. चाकाची मापं मी पुस्तकात बघून सांगायचो, तो गाडी बघून ठरवायचा. त्याची एक रीत होती. माप पक्कं करण्याआधी तो गिऱ्हाइकाला घरची माणसं घेऊन यायला सांगायचा. मागच्या सीटवर तिघांना बसवायचा आणि स्वतः खाली वाकून टायर आणि वरच्या पत्र्यामधल्या फटीत बोटं घालून बघायचा. दोन बोटं आत गेली पाहिजेत. नाही गेली तर एक माप खाली. गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी खालीच.

एकदा डोंबिवलीच्या एका कुटुंबातले चांगले वजनदार मामा त्याने मागे बसवले आणि म्हणाला, "मामा, जरा मधे सरका."

मामा म्हणाले, "मला जेवायला नेतो म्हणून आणलंय. इथे काट्यावर चढवलंत होय रे?"

"मामा, तुम्ही बसून गाडी घासली नाही, म्हणजे ती कोकणात जाऊन येणार बघा."

"मग बिल माझ्या नावाने फाड," मामा म्हणाले, आणि खरंच त्यांनीच पैसे दिले.

असा हा माणूस. आता त्या दसऱ्याचं सांगतो.

आमच्या दुकानात दसऱ्याला हत्यारांची पूजा माझ्या वडिलांपासून चालत आलेली. सगळी हत्यारं पुसून लाल कापडावर मांडायची, हळदकुंकू, फुलं, नारळ. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. पण दसरा हाच आमच्या धंद्याचा मोठा दिवस. मुहूर्तावर चाकं हवी असणारे पुष्कळ. म्हणून आदल्या संध्याकाळीच टायर रिमवर चढवून सेट तयार ठेवायचे, सकाळी भराभर गाड्यांना लावायचे, दुपारी पूजा करून शटर ओढायचं.

त्या वर्षी सावंत म्हणून एक गिऱ्हाईक होते. डोंबिवलीला राहायचे, बँकेत होते, लहान गाडी होती. पंधरा इंची चाकं त्यांनीच पसंत केलेली. विलासने आदल्या संध्याकाळी सेट तयार करताना मला बोलावलं. "काका, हे बघा. रिमचं मधलं भोक मोठंय. यांच्या हबवर ढिलं बसणार. रिंग पाहिजे."

हे जरा समजावून सांगतो. गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाला, मध्ये एक उंचवटा असतो. कंपनीचं चाक त्याच्यावर बरोबर बसतं. बाहेरून घेतलेली अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं ठेवतात आणि जी फट राहते ती भरायला एक बारीकशी रिंग घालतात. रिंग नसेल तर चाक मध्यावर धरून ठेवायचं सगळं काम चार नटांवर येतं. मग ते नट सारख्या ताकदीने आवळलेले असावे लागतात आणि थोडं अंतर चालवून पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी टॉर्कचा पाना असतो. ठरलेली ताकद लागली की तो टक् असा आवाज करतो. त्याने आवळलं की अंदाजाचा प्रश्न राहत नाही.

मी विलासला म्हटलं, "ठाण्याहून सकाळी रिंगा मागवतो." मागवल्याही. पण सणाचा दिवस, ठाण्याचा माणूस दुकान उघडायलाच आला नाही. आणि सावंत सकाळी यायचे ते आले दुपारी, पूजा आटोपल्यावर. बरोबर त्यांची म्हातारी आई, बायको, हार, नारळ आणि पेढ्यांचा पुडा.

विलास त्या दिवशी पांढरा शर्ट घालून आला होता. दसऱ्याचा दिवस त्यांचाही मोठा. घरचे सगळे पांढऱ्या कपड्यांत विहारात जाणार होते आणि त्याला दुपारी सुटून तिकडे पोचायचं होतं. तो खांद्याला पिशवी लावून निघालाच होता. मी त्याला थांबवलं.

तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, रिंग नाही. आज नको. जुन्याच चाकांना हार घालू द्या, परवा बसवू."

"अरे, मुहूर्ताला आलेत. म्हातारी बरोबर आहे. परत पाठवू?"

"मग निदान टॉर्कचा पाना घेऊ द्या."

टॉर्कचा पाना लाल कापडावर सगळ्यांच्या मधोमध होता. दुकानातलं सगळ्यात महागाचं हत्यार म्हणून झेंडूचा हार मी त्यालाच घातला होता.

मी म्हटलं, "पूजेतलं हलवायचं नाही."

"काका, देव काय बोलणार आहे? माणसं बसणार गाडीत."

"तुला नाही कळायचं ते," मी म्हणालो.

या वाक्यात काय होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. विलासलाही कळलं. सावंतांच्या डिकीतून त्याने गाडीबरोबर मिळणारा साधा पाना काढला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि चारी चाकं लावली. नट समोरासमोरचे घेत, हाताच्या अंदाजाने, जमेल तितके सारखे आवळले. शर्टाला ग्रीस लागलं. सावंत नारळ फोडण्यात आणि फोटो काढण्यात गुंतले होते. विलासने मला हळूच सांगितलं, "काका, त्यांना सांगा हां. उद्या सकाळी कुठेही निघायच्या आधी इथे यायचं. मी टॉर्कने परत आवळून देतो. तोवर लांब जायचं नाही."

"सांगतो, तू जा," मी म्हटलं. तो गेला.

मी सांगितलं नाही. म्हातारी गाडीच्या चाकाला हळदकुंकू लावत होती. "नट पुन्हा आवळावे लागतील" असं अशा वेळी बोललो तर गिऱ्हाइकाच्या मनात किडा पडेल असं मला वाटलं. शिवाय घरी माझे साडूबंधू आले होते, जेवणाची पानं खोळंबली होती. सावंतांनी विचारलंसुद्धा, "काका, उद्या मुरबाडला सासरवाडीला निघतोय. काही काळजी?" मी म्हणालो, "काही नाही हो. निर्धास्त जा." आणि त्यांच्या पुड्यातला पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला गेलो तर विलास बंद शटरपुढे पायरीवर बसलेला. किल्ल्या माझ्याकडे असायच्या. मला बघून उठला आणि म्हणाला, "सावंत आले नाहीत अजून?" मी म्हटलं, "येतील." तो आत गेला, पान्याचा हार काढून ठेवला आणि पाना हातात घेऊन दारात उभा राहिला.

सावंत विलास येण्याच्याही आधी, पहाटेच, आमच्या दुकानावरून मुरबाडकडे गेले होते.

वाटेत स्टिअरिंग थरथरायला लागलं. नवीन चाकं आहेत, बसायला वेळ लागत असेल, असं सावंतांना वाटलं. मी निर्धास्त जा म्हटलं होतं. पुढचं डावं चाक हलून हलून त्याचे बोल्ट तुटले, गाडी त्या बाजूला बसली आणि रस्ता सोडून खाली गेली. वेग फार नव्हता. बाकी सगळे बचावले, म्हातारीचं मनगट मोडलं. हळदकुंकू लावणारा हात तोच.

संध्याकाळी सावंत आणि त्यांचा मेहुणा दुकानात आले. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं जमली. सावंत न ओरडता म्हणाले, "काका, मी तुम्हाला विचारलेलं. परत आवळायला लागतात ना हे नट? तिकडचा गॅरेजवाला म्हणाला, कोणी सांगितलं नाही का तुम्हाला. कोणीच सांगितलं नाही!"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी वळून विलासला विचारलं, "सांगितलं नाहीस तू त्यांना?"

विलास म्हणाला, "काका?"

एवढंच. मी त्याच्याकडे न बघता सावंतांना म्हणालो, "काल त्यांचा कार्यक्रम असतो ना. घाईत होता तो."

मी जात काढली नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. काढायची गरजच नव्हती. मेहुणा लगेच म्हणाला, "यांचं हे असंच. यांना काम कशाला देता?" जमलेल्यांपैकी दोघांनी मान हलवली. इतकं सहज पटलं सगळ्यांना. ते इतकं सहज पटेल हे ठाऊक होतं, म्हणून तर मी नेमकं ते बोललो होतो. मेहुण्याला गप्प करायला एक शब्द पुरला असता. तो माझ्या तोंडून निघाला नाही.

विलासने टॉर्कचा पाना भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, खांद्याला पिशवी लावली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. पुन्हा आला नाही.

रात्री आमच्या टायरवाल्यांच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली तेव्हा मी लिहिलं, "आमच्या फिटरच्या हलगर्जीपणामुळे घडलेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. त्याला काढून टाकलं आहे." या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांनी ते वाचलं असेल. सावंतांची गाडी मी दुरुस्त करून दिली, आईंचा दवाखान्याचा खर्च दिला, आणि भला माणूस म्हणून नाव कमावलं. विलास कामासाठी उल्हासनगरात, डोंबिवलीत फिरला, कोणी घेतलं नाही. ठाण्याच्या एका मित्राने मला फोन करून विचारलं, "तुझ्याकडचा गायकवाड आलाय. कसा आहे?" मी म्हणालो, "हात चांगला आहे, पण..." मित्र म्हणाला, "समजलं."

मी हे असंच बरोबर घेऊन गेलो असतो. पण गेल्या दसऱ्याला दुकानात पूजेला बसलो होतो. निखिलने माझ्यासारखंच लाल कापड अंथरलं, टॉर्कचा पाना मधोमध ठेवला, हार घातला. मग दोन नव्या फिटरांना म्हणाला, "बाबांची शिस्त आहे. एकदा पूजा झाली की हात नाही लावायचा. आणि काम करताना घाई नाही. आमच्याकडे एक विलास होता. सणाची घाई म्हणून नट ढिले सोडून पळाला, एका म्हातारीचा हात मोडला."

त्या दोघांपैकी एकाने विचारलं, "मग काय केलं त्याचं?"

"बाबांनी त्याच दिवशी काढला," निखिल अभिमानाने म्हणाला.

माझं खोटं माझ्या दुकानात शिकवण होऊन बसलं होतं. मी तिथे काही बोललो नाही. प्रसादही घेतला. चार दिवसांनी मात्र पत्ता विचारत आंबिवलीला गेलो.

विलास आता शाळेची व्हॅन चालवतो. केस पिकले आहेत. दार त्याच्या पत्नीने उघडलं, मला ओळखलं आणि आत घेतलं. समोर भिंतीवर एका मोठ्या फोटोत सगळं घर होतं. पांढऱ्या साडीत विलासची आई, पत्नी, दोन लहान मुलं, मागे विहाराची पायरी. मुलांच्या वयावरून साल ओळखू येत होतं. मी विचारू नये ते विचारलं, "यात विलास कुठे आहे?"

पाण्याचा तांब्या खाली ठेवत ती म्हणाली, "तुमच्या दुकानात होते. आम्ही थांबलो बराच वेळ. मग आई म्हणाल्या, काढून घ्या, उजेड चाललाय. पुढच्या वर्षी आई राहिल्या नाहीत."

मी विलाससमोर हात जोडले आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगायला लागलो. पूजा, रिंग, पाना, त्याने दिलेला निरोप. त्याने मला अर्ध्यावर थांबवलं.

"काका, मला काय सांगताय? मी तिथेच होतो."

मी जोडलेले हात खाली घेतले.

"ज्यांना तेव्हा सांगितलंत त्यांना सांगा."

माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी ते मागण्याच्या लायकीचा नव्हतो. शाळा सुटायची वेळ झाली होती. किल्ली घेऊन तो माझ्या आधी जिना उतरला.

घरी येऊन निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, त्या पोरांना मी काय सांगू आता?" मी म्हटलं, दुकानात मीच येतो आणि सांगतो. गेलो आणि सांगितलं. टॉर्कचा पाना यापुढे दसऱ्यालाही भिंतीवरच राहील. ग्रुपवर लिहायचं मात्र धाडस झालं नाही. संपादकांचा फोन आला तेव्हा वाटलं, आता पळायला जागा नाही.

तर, माझ्या धंद्यातल्या बंधूंनो, विलास गायकवाडने नट ढिले सोडले नव्हते आणि तो घाईत नव्हता. घाई मला होती. त्याला तुम्ही कोणी काम नाकारलं असेल तर ते माझ्या शब्दावर नाकारलंत. तो शब्द खोटा होता.

आणि सावंतसाहेब, आपण डोंबिवलीतच असाल आणि हा अंक आपल्या हाती पडला तर एक निरोप आहे. त्याच दिवशी द्यायचा होता, माझ्याकडे राहून गेला. विलासने सांगितलं होतं: सकाळी निघायच्या आधी दुकानात या, नट पुन्हा आवळून देतो. शटर उघडायच्या आधीपासून तो पायरीवर तुमची वाट बघत बसला होता.